जास्वंदीवरची कोळीण दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

तुमचे आभार सगळ्यांसमोर मानायचे होते, म्हणून हे जाहीर पत्र.

सोसायटीच्या बागेत जास्वंदीच्या पानावर तो पिवळसर कोळी दिसला, तेव्हा मुलं ‘विषारी आहे’ म्हणून मागे सरली होती आणि माळीदादांनी फवारणीचा पंप उचलला होता. तुम्ही त्यांना थांबवलंत. नाव सांगण्याआधी मुलांच्या हातात भिंग दिलंत आणि म्हणालात, “आधी नीट बघा.”

मग काय काय दिसलं! एकूण आठ डोळे, त्यातले समोरचे दोन टपोरे. माझ्या लेकीने बोट डावीकडे नेलं की कोळीणही तिकडे वळून बघायची. हो, कोळीणच. पाठीवरच्या दोन तांबड्या पट्ट्यांवरून तुम्ही ती मादी ओळखलीत आणि मग नाव सांगितलंत : टेलामोनिया डिमिडिआटा. याच जातीचं नाव घेऊन स्वच्छतागृहातल्या जीवघेण्या कोळ्याची अफवा इंटरनेटवर फिरली होती आणि ती निव्वळ थाप होती, हेही तुमच्याकडूनच कळलं. मुलांची भीती तिथेच गेली.

हे कोळी भक्ष्यासाठी जाळं विणत नाहीत, दबा धरून झेप घेतात. झेपेआधी पानाला धागा चिकटवतात, म्हणजे नेम चुकला तरी लोंबकळत परत येता येतं. आणि ती झेप मांड्यांच्या जोरावर नसते, शरीरातल्या द्रवाचा दाब मागच्या पायांत एकदम वाढवून पाय ताठ केले जातात! हे ऐकून माझी लेक कितीतरी वेळ गप्प होती. तिला मी इतकी गप्प क्वचितच पाहते.

पण मला सगळ्यात भिडलं ते इशियस तुकारामीबद्दलचं. आपल्याच ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या या उड्या मारणाऱ्या कोळ्याला 2021 मध्ये संशोधकांनी हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं. 26/11 ला कसाबची बंदूक ज्यांनी अंगावर गोळ्या झेलत धरून ठेवली, त्यांचं. डोंबिवलीत इतकी वर्षं राहून हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेतून निवृत्त झालात तरी तुमचं शिकवणं थांबलेलं नाही, हे आमचं भाग्य.

माळीदादा आता जास्वंदीवर फवारा मारत नाहीत, मावा दिसला तर पाण्याच्या धारेने धुतात. परवा एका दुमडलेल्या पानात पांढरी रेशमी पिशवी दिसली आहे. अंडी आहेत की नुसता निवारा, यावर मुलांचे दोन तट पडलेत. रविवारी सवड काढून याल का? भिंग आम्ही नवीन आणलंय.

तुमची,
ए विंगमधली एक आई