महोगनीभोवतीचे काँक्रीट आधी काढा
पावसाळ्यापूर्वी ठाण्यातील धोकादायक झाडे तोडणार, ही बातमी वाचली. त्यात महोगनीला कमकुवत परदेशी झाड ठरवले आहे. परदेशी हे खरे, पण कमकुवत कसे? मध्य व दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांत ते ३०-४० मीटर उंच वाढते, बुंध्याशी फळ्यांसारखी आधारमुळे पसरून उभे राहते. आमच्या पाचपाखाडीत पेव्हर ब्लॉक पार सालीत रुतले आहेत आणि गटार खोदताना एका बाजूची मुळे तोडली गेली, तीही सरसकट. अशाने झाड वादळात पडणार नाही तर काय! राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता. करवत चालवण्याआधी इथेही निदान तेवढे करावे.
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे