कूपरचे श्रेय लोटसच्या खात्यात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील शर्यतींच्या जुन्या मोटारींवरचा लेख वाचला. चालकाच्या पाठीमागे इंजिन बसवण्याची ‘क्रांती’ लोटस या ब्रिटिश कंपनीने १९६० मध्ये केली, असे त्यात छातीठोकपणे म्हटले आहे. तिची ‘लोटस १८’ ही गाडी शर्यतीत उतरली त्याच्या आदल्याच वर्षी जॅक ब्रॅबहॅम मागे इंजिन असलेल्या, कूपर या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या टी-५१ गाडीवर फॉर्म्युला वनचा विश्वविजेता होऊन बसला होता, आणि तेव्हा लोटसची स्वतःची गाडी पुढेच इंजिन लावून धावत होती. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच मागे इंजिन लावणाऱ्या जर्मन ऑटो युनियनचे तर लेखात नावही नाही.

चार्ल्स व जॉन कूपर या बापलेकांनी कोणताही सिद्धान्त मांडला नव्हता. ५०० सीसीच्या छोट्या गाडीला मोटारसायकलचे इंजिन लावायचे आणि साखळीने मागची चाके फिरवायची, तर इंजिन मागे ठेवणेच सोयीचे, एवढाच त्यांचा हिशेब होता. जानेवारी १९५८ मध्ये अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉसने जेमतेम दोन लिटरच्या इंजिनावर अडीच लिटरवाल्यांना हरवले, ती कूपरच होती. तिची चाके चार-चार बोल्टांनी बसवलेली असल्याने टायर बदलण्यात फार वेळ गेला असता. म्हणून पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाड्या टायर-पेट्रोलसाठी थांबतात त्या जागी, नवे टायर मांडून ठेवण्याचे नाटक झाले, फेरारीवाले मॉस थांबण्याची वाट पाहत राहिले, आणि तो न थांबता, रबराखालचे कापड दिसू लागलेल्या टायरांवर, फेरारीच्या मुस्सोच्या २.७ सेकंद आधी पोहोचला. असा प्रसंग आपल्या लेखकमहाशयांना दखल घेण्याजोगा वाटला नाही. शिवाय ‘कूपर’ म्हणून छापलेल्या छायाचित्रात चालकापुढे हातभर लांब बॉनेट दिसते, ते कोणाच्या कृपेने?

मागे आपण अमेरिकेतील सेब्रिंगची १९५९ ची शर्यत ब्रॅबहॅमने गाडी ढकलत ‘जिंकल्याचे’ छापले होते. पेट्रोल संपल्याने त्याने गाडी ढकलली हे खरे, पण तो चौथा आला आणि जिंकला तो ब्रूस मॅक्लारेन, असे मी कळवले. आपण पत्र छापलेत, त्याबद्दल आभार. मात्र मॅक्लारेनचे वाक्य जागेअभावी कापल्याने ब्रॅबहॅमच्या ‘विजया’ला मीच दुजोरा दिल्यासारखे झाले आणि ओळखीच्यांनी माझीच शिकवणी घेतली. सबब, हे पत्र छापायचे असल्यास संपूर्ण छापावे, अन्यथा मुळीच छापू नये, ही नम्र विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा