दुपारी दोन ते पाच

पुणे,
20 जुलै 2025

प्रिय शालू,

तुझं पत्र परवा मिळालं. फोनवर सांगता आलं असतं, पण इथे दुपारी मोठ्यानं बोलता येत नाही आणि रात्री घरी पोचेपर्यंत माझ्यात बोलायचं त्राण उरत नाही. म्हणून मी सांभाळते त्या आजींच्या पलंगाशेजारी बसून लिहितेय.

तू विचारलंयस, पेशंट दिवसभर झोपून असतो, मग बारा तास तू करतेस तरी काय? परभणीत तुलाही असंच काम चालून आलंय, म्हणून नीट सांगते. काम जड नाही असं मी म्हणणार नाही. पण अंग पुसणं, डायपर बदलणं, लघवीची पिशवी, म्हणजे युरोबॅग, रिकामी करून वहीत आकडा लिहिणं, गोळ्या कुटून नळीतून देणं हे महिनाभरात हाताला बसतं. जड जातात ते दुपारचे दोन ते पाच. ताई, म्हणजे आजींची मुलगी, ऑफिसात असतात, पेठेतली दुकानंसुद्धा बंद. खोलीत दोनच आवाज, एअर बेडच्या पंपाची घरघर आणि आजींचा श्वास.

तो श्वास ऐकायला शिकावं लागतं बघ. नाकातल्या नळीतून पेज दिली की पुढचा अर्धा तास तरी पलंगाची डोक्याकडची बाजू वर ठेवायची, नाहीतर पोटातलं उलटून छातीत जातं. घशात जराशी घुरघुर वाढली तरी उठायचं. म्हणजे हात रिकामे असतात, पण कान रिकामे नसतात. आणि नुसतं बसून राहिलं की डोळा लागतो. मग हातांना काय द्यायचं?

पहिल्या घरी मी क्रोशा घेऊन बसायचे. तुला माहीतच आहे, मला त्याचं वेड. एका दुपारी टेबलक्लॉथचं फूल जमत नव्हतं, टाके मोजत राहिले. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, त्या दिवशी तीन तास झाले. कूस वळवली तर आजोबांच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. बोटानं दाबून पाहिला. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल होणारा डाग असेल तर काळजी कमी. हा लालच राहिला. झोपून झोपून जखम होते ना, त्या बेडसोरची सुरुवात अशी होते. मी त्यांच्या मुलाला तेव्हाच सांगितलं. मग आठ दिवस त्यांना पाठीवर टेकूच दिलं नाही, या कुशीवरून त्या कुशीवर, मध्ये उशा लावून. डाग गेला. पण शालू, बोलता न येणाऱ्या माणसाला मी माझ्या टाक्यांपायी दुखवलं, ते अजून आठवतं आणि पोटात गोळा येतो. क्रोशा त्या दिवसापासून घरीच. मोबाईलही मी पिशवीतच ठेवते, तो क्रोशापेक्षा वाईट. मोजावं लागेल, गुंतावं लागेल असं काही इथे चालत नाही. टाकून उठता आलं पाहिजे.

थांब जरा. कूस बदलून आले.

मी या घरी आले तेव्हा आजींचा डावा हात पलंगाच्या कठड्याला पट्टीनं बांधलेला होता. उजवं अंग लकव्यानं गेलंय, वाचाही गेलीय, चालतो तो तेवढाच हात. त्या हातानं त्यांनी दोनदा नळी ओढून काढली होती. ताईंनाही ते बघवत नव्हतं, पण करणार काय? शेजारच्या काकूंचा यंदा चातुर्मासात लाख वातींचा नेम आहे. मी म्हटलं, थोड्या मी वळून देते. दिवाळीला तू दिलेला कापूस होताच. सरकी काढायची, पुंजका हलक्या हातानं फुलवायचा, मधे चिमटीत धरून दुधाचं बोट लावायचं आणि टोक वळायचं. झाली फुलवात. आजी एकटक बघत होत्या. मी पट्टी सोडली आणि एक बोंड तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठ्यानं चाचपलं, सरकी सापडली, आणि नखानं ती सोडवायला लागल्या! एक सरकी निघायला पाच मिनिटं लागली असतील. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपण दोघी कापूस वेचायला जायचो तेव्हा बोंडाच्या टोकांनी बोटं कशी सोलून निघायची, आठवतं? तोच कापूस इथे सदाशिव पेठेत एका म्हातारीचा हात मोकळा करतोय.

आता मी शेजारी असते तोवर पट्टी लागत नाही. त्या सरकी काढतात, मी वाती वळते. हात नाकाकडे जायला लागला की दुसरं बोंड देते. थकल्या की पेपर वाचून दाखवते.

12 जुलैला पेपरात पानशेतची आठवण छापून आली होती. 1961 साली त्याच तारखेला धरण फुटलं, पेठांमध्ये पाणी शिरलं. मी आपली वाचत होते, तर आजींनी हातातलं बोंड सोडून दिलं आणि हात वर केला. आधी मला कळलंच नाही. पाणी हवंय का, दुखतंय का, सगळं विचारून झालं. त्या हात खाली घेईनात, भिंतीकडे बघत राहिल्या. मग उमगलं, पाणी कुठवर आलं होतं ते त्या दाखवत होत्या. संध्याकाळी ताईंना विचारलं तर म्हणाल्या, आईचं माहेर ओंकारेश्वराजवळ, तेव्हा ती वीस वर्षांची होती, त्यांचा खालचा मजला बुडाला होता. ताईंनी मग त्यांच्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ तशाच बसल्या.

तर तू हे काम जरूर धर. काम लावून देणाऱ्या ब्यूरोवाल्यांना पगार आणि सुट्टी आधी विचारून घे. आणि पहिल्या दिवशी पेशंटचा कुठला हात चालतो ते बघ, त्याला आधी काय काम करायची सवय होती ते घरच्यांना विचार. शिंपी असेल, भाजी निवडणारी असेल, काहीतरी निघेलच.

तुझा भाऊ पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय ना? त्याच्याबरोबर घरात उरलेला कापूस पाठव. पिशवीभर पुरे. सरकी मात्र काढू नकोस.

तुझीच,
मंदा