द्रवणांक पाठ करायला लावू नका, मुलांना बघू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईत जरा थंडी पडली की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो, खोबरेल गोठलं तर शुद्ध आणि नाही गोठलं तर भेसळ, आणि मग आमच्या परळमध्ये घरोघरी बाटल्या फ्रीजमध्ये जातात. अहो, खोबरेल साधारण 24 डिग्रीच्या आसपास गोठतं, आपल्याकडे बरेच महिने रात्रीसुद्धा पारा तेवढा उतरत नाही, मग तेल पातळ राहणारच ना. आणि फ्रीजमध्ये तर पामतेलही घट्ट होतं, मग या टेस्टने कळलं काय?

ही मुलं, हे पालक, सगळे शाळेत द्रवणांक, म्हणजे पदार्थ किती डिग्रीला वितळतो तो आकडा, शिकलेत. लोखंड 1538, टंगस्टन 3422 फाडफाड सांगतील. पण हा आकडा शुद्धतेची खूण आहे हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही, आणि याचंच मला फार वाईट वाटतं. शुद्ध पदार्थ एका ठरलेल्या तापमानाला वितळतो, त्यात दुसरं काही मिसळलं की बहुतेक वेळा तो आकडा खाली येतो आणि पसरतो. तूप बघा, त्यात मुळातच वेगवेगळ्या फॅट्स, म्हणून ते आधी मऊ पडतं आणि मग हळूहळू पातळ होतं.

लॅमिंग्टन रोडवर रिपेअरवाले सर्किटचे जोड बसवायला जे सोल्डर, म्हणजे कथील-शिशाचं मिश्रण, वापरतात त्यात कथील वितळतं 232 ला, शिसं 327 ला, पण 63 भाग कथील आणि 37 भाग शिसं मिसळलं की दोन्ही मिळून 183 लाच पाणी होतात, म्हणून तर सर्किट न जळता जोड बसतो. झवेरी बाजारातही तेच, सोनं 1064, तांबं 1085, आणि तांब्याचा बट्टा घातलेलं सोनं मात्र दोघांच्याही आधी वितळायला लागतं. किती सुंदर गोष्ट आहे ही, आणि आपण तिचा तक्ता करून पाठ करायला देतो.

माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे, वर्गात एक थर्मामीटर आणि बर्फाचा चुरा आणा. बर्फ वितळून संपेपर्यंत पारा 0 ला अडून बसतो ते मुलांना स्वतः वाचू दे, मग त्यात मूठभर मीठ टाका आणि पारा शून्याच्या खाली जाताना बघू दे, कुल्फीवाले बर्फात मीठ का घालतात ते न सांगता कळेल. खर्च काहीच नाही. आपल्या विद्यार्थी पानावर हा प्रयोग छापलात तर बऱ्याच शाळांपर्यंत पोचेल.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, परळ, मुंबई