पहिला स्मोकर घेण्याआधी

राउंड रॉक, टेक्सास
रविवार, रात्री

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज आणि दुकानातले फोटो मिळाले. ओहायोतल्या कोलंबसला स्वतःचं घर झालं, मागे अंगण आलं आणि तुला आता त्या अंगणात स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस मंद शिजवायची भट्टी, लावायचीय, हे वाचून इतका आनंद झाला की फोन करण्याऐवजी सविस्तर लिहायलाच बसलो. या विषयावर मला तासन्‌तास बोलता येतं हे तुला माहीत आहेच.

आधी महत्त्वाचं. त्या फोटोतला आडव्या पिंपाचा, बाजूला लाकूड जाळायची पेटी जोडलेला काळा स्मोकर, म्हणजे ऑफसेट, घेऊ नकोस. तो तुला का आवडला ते मला कळतं. इथल्या लॉकहार्टला स्मिटीज या बार्बेक्यूच्या दुकानात आपण रांगेत होतो, तेव्हा भट्टीच्या तोंडाशी जमिनीवरच पेटवलेला जाळ बघून तू जागचा हलायला तयार नव्हतास. पण ती भट्टी विटांची आहे, आणि पोस्ट ओक या ओकच्या जातीची लाकडं सारायला तिथे दिवसभर माणूस उभा असतो. दुकानातल्या स्वस्त ऑफसेटचा पत्रा पातळ असतो. झाकणाच्या फटींतून धूर आणि उष्णता निघून जाते; वारा सुटला की आतलं तापमान कोसळतं, ओंडका टाकला की भडकतं. चांगला ऑफसेट पाव इंच जाडीच्या पोलादाचा असतो, पण तो हलवायला चार माणसं लागतात आणि त्याच्या किमतीत आपलं भारताचं तिकीट येईल. शिवाय दर अर्ध्यापाऊण तासाने लाकूड घालायला उठायचं. मुलांचं सॉकर, घरातली कामं, आणि तुझं ऑन-कॉल! शनिवार असा एका जागी बांधून ठेवणं तुला सध्या जमणार नाही.

तू २२ इंची वेबर केटल, म्हणजे झाकणाची गोल कोळशाची शेगडी, घे. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये पाण्यावर तरंगणारे बोये बनायचे. तिथल्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली तसल्याच धातूच्या गोलाचे दोन भाग करून खाली पाय लावले आणि वर झाकण ठेवलं. तेव्हापासून तो आकार फारसा बदललेला नाही, कारण बदलायची गरजच पडली नाही. खाली हवा आत यायची झडप, वर धूर बाहेर जायची झडप, आणि मधे तू.

तुला वाटेल, हा तर साधा ग्रिल, स्मोकर कुठे? तर ऐक. कोळशाच्या जाळीवर कडेकडेने ब्रिकेट्स, म्हणजे दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या, मांडायच्या: खाली दोन ओळी, त्यावर दोन ओळी, इंग्रजी सी अक्षरासारख्या, दोन टोकं एकमेकांना न भिडवता. त्यावर थोड्या थोड्या अंतराने हिकरी या इथल्या झाडाच्या किंवा सफरचंदाच्या लाकडाचे मुठीएवढे तुकडे. मधल्या मोकळ्या जागेत पाणी भरलेला ॲल्युमिनियमचा ट्रे. मग आठ-दहा ब्रिकेट्स चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात, वेगळ्या पेटवायच्या, त्यांच्यावर राखेचा पांढरा थर आला की चिमट्याने उचलून त्या ओळीच्या एका टोकाला ठेवायच्या. बस्स. विस्तव एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू सरकतो आणि केटल कित्येक तास २२५ ते २५० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण ११० ते १२० सेल्सियसला टिकून राहते. मांस पाण्याच्या ट्रेवर, विस्तवाच्या थेट वर नाही. झाकण असं ठेवायचं की वरची झडप मांसाच्या बाजूला येईल, म्हणजे धूर मांसावरून जाऊन मगच बाहेर पडतो.

वरची झडप उघडीच ठेव, तापमान खालच्या झडपेने सांभाळ. धूर कोंडला तर लाकूड नुसतं धुमसतं, दाट पांढरा धूर होतो आणि मांसाला कडवट, डांबरासारखी चव येते. हवा तो जेमतेम दिसणारा, निळसर, विरळ धूर. नवशिक्यांना भरपूर धूर म्हणजे भरपूर चव असं वाटतं आणि तिथेच सगळा घोटाळा होतो.

पेणला तू पोपटी लावायचास ती आठव. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज आला की तू ‘झाली’ म्हणायचास आणि ती झालेलीच असायची. तो अंदाज तुझ्या हातात आहे, पण इथे पहिलं वर्षभर थर्मामीटरवरच विश्वास ठेव. झाकणावरचा काटा छताजवळची हवा मोजतो, मांसाजवळची नाही. दोन प्रोबचा, म्हणजे तापमान मोजणाऱ्या दोन सळ्यांचा, थर्मामीटर घे: एक प्रोब जाळीवर, दुसरा मांसात. त्याशिवाय टोचल्याबरोबर आकडा दाखवणारा एक छोटा हवा. केटल स्वस्तात पडली म्हणून वाचलेले पैसे इथे घाल, शोभेच्या चिमट्यांच्या संचावर नको.

आता खाण्याचं. तू बीफ खात नाहीस, म्हणून टेक्सासच्या ब्रिस्केटचे, म्हणजे गाईबैलाच्या छातीच्या मांसाचे, व्हिडिओ बघून उगाच हिरमुसू नकोस. तुझ्यापासून एका दिवसात गाडीने गाठता येईल अशा केंटकीतल्या ओवेन्सबरोमध्ये मटणाचं बार्बेक्यू होतं, मोठ्या मेंढीचं, हिकरीच्या धुरावर, आणि वरून व्हिनेगर आणि वूस्टरशर सॉसचं काळपट पातळ डिप. तिथे जाऊन ये. तुझ्यासाठी टेक्सासपेक्षा ती शाळा खरी! घरी मटणाचा पुढचा खांदा घेऊन सुरुवात कर. मीठ, मिरपूड, हवं तर थोडा आपला काळा मसाला. आतलं तापमान १५०-१६० च्या आसपास गेलं की आकडा तास-दोन तास हलणारच नाही. घाबरून कोळसा वाढवू नकोस. मांसातलं पाणी वर येऊन उडत असतं आणि ते पृष्ठभागाला गार ठेवतं, आपल्याला घाम आल्यावर होतं तेच. ओलावा उडायचा कमी झाला की आकडा परत चढतो. बोकडाचं मटण घेतलंस तर त्यात चरबी कमी, त्यामुळे या टप्प्यावर फॉइलमध्ये थोडं पाणी घालून गुंडाळ. २०० च्या आसपास प्रोब लोण्यात शिरल्यासारखा आत गेला की उतरव. मग अर्धा तास हात लावायचा नाही, वहिनींनी कितीही हाक मारली तरी.

केटलच घे म्हणण्याचं खरं कारण कोंबडी आहे. २२५ ला कोंबडीची कातडी रबरासारखी होते, तिला सव्वातीनशेच्या वरची धग लागते. केटलमध्ये कोळसा एका बाजूला ढीग करून ठेवला की एकाच वेळी कडक आणि मंद अशा दोन्ही जागा मिळतात. त्याच विस्तवावर आधी मुलांची कणसं, मग पनीर, आणि शेवटी निखारे मंदावले की वहिनींच्या भरताची वांगी. निव्वळ स्मोकरला हे जमत नाही. वेबरचाच उभा स्मोकी माउंटन १८ इंचीत उत्तम आहे, आणि पुढे हौस वाढली की तोच घे, पण दुसरा म्हणून.

लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळणारा पेलेटवाला स्मोकर विजेवर चालतो: पंखा, मोटर आणि आकडा लावून झोपायचं. मांस चांगलं होतं, धूर सौम्य लागतो. पण तुला विस्तवाशी खेळायचंय, बटणाशी नाही, आणि ते मी तुझ्या डोळ्यांत पाहिलंय. चिनी मातीच्या जाड भिंतींचा कमाडो स्मोकर ओहायोच्या थंडीत सर्वांत छान टिकेल, पण महाग, जड, आणि एकदा जास्त तापला की लवकर उतरत नाही.

फोटोत तुझ्या घराला व्हिनाइलचं सायडिंग, म्हणजे भिंतीवरचं प्लॅस्टिकचं आवरण, दिसतंय. ते उष्णतेने वितळतं, तेव्हा केटल भिंतीपासून दहा फूट तरी दूर, फरसबंदीवर ठेव. लाकडी डेकवर नको. आणि बाहेर कितीही पाऊस-बर्फ असला तरी गॅरेजमध्ये पेटवू नकोस, दार उघडं ठेवूनसुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. राख दुसऱ्या दिवशीही आत गरम असू शकते, ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढ, कचऱ्याच्या प्लॅस्टिकच्या पिंपात नाही.

रॉकेलसारखं लायटर फ्लुइडही आणू नकोस, चिमणीखाली वर्तमानपत्राचे दोन कागद पुरतात. केटल आली की आधी मांसाशिवाय एक शनिवार नुसती पेटव, झडपा पाव पाव फिरवून आकडा कसा हलतो ते वहीत लिहून ठेव आणि मला त्या पानाचा फोटो पाठव. मग मटणाच्या दिवशी सकाळी सातला मी फोनवर आहेच. वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
विन्या