साउंडवाल्याशेजारच्या दोन खुर्च्या

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी "नोकरी कशी चाललीय?" विचारलं, आणि मी "बरी चाललीय" म्हणून विषय बदलला. तेव्हापासून नीट झोप नाही. फोनवर मला हे धड सांगता येत नाही. बाबांना अर्धंच ऐकू येतं, उरलेलं आई सांगते, आणि आईच्या तोंडून ते होतं त्यापेक्षा भयंकर होऊन बाहेर पडतं. म्हणून लिहितेय. आई, मोठ्याने वाचून दाखवू नकोस, बाबांना आधी स्वतः वाचू दे.

या महिन्याच्या एक तारखेपासून मी आठवड्यातले तीनच दिवस कामावर जाते. नोकरी सोडलेली नाही. पगार त्या प्रमाणात कमी झालाय. बाकीचे दिवस बँडचे आणि माझ्या बेस गिटारचे.

तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसता, फक्त रात्रभर जागे राहिला असता. ते कळल्यावर मी मागे फिरले असते, आणि मला मागे फिरायचं नव्हतं. दादाचं ते वर्ष तुमच्या डोळ्यांसमोर येणार, हेही ठाऊक आहे. हे तसं नाही. मी कुणाकडून उसने घेतलेले नाहीत, कुठेही सही केलेली नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढला आणि मगच साहेबांकडे अर्ज दिला. आरोग्य विमा चालू राहणार आहे, ते लेखी घेतलंय. तुमच्या औषधांसाठी पाठवते त्यात एक पैसाही कमी होणार नाही, आणि आई, तू ते माझ्या नावावर परत जमा करत बसू नकोस.

खोली तीच आहे, गादी नवी घेतली. पाठ आता दुखत नाही, कारण गिटारचा आवाज मोठा करणारा तो जुना जड ॲम्प विकला. नवा एका हाताने उचलता येतो आणि स्पीकरच्या पेटीला चाकं आहेत. रात्री आम्ही चौघं एकाच गाडीने येतो. माझ्या खोलीतला दिवा लागल्याशिवाय ड्रमर गाडी हलवत नाही. हे त्याला मी सांगितलेलं नाही, तो आपणहून करतो.

आता खरं काय ते सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. महिन्याला सहा-सात कार्यक्रम असतात. दुपारी चारला निघायचं, सामान चढवायचं, उतरवायचं, साउंडचेक करायचा, मग नुसतं बसून राहायचं. नऊला स्टेजवर जायचं, पंचेचाळीस मिनिटं वाजवायचं आणि घरी यायला रात्रीचा एक. नऊ तासांतली पंचेचाळीस मिनिटं! दारावर जमलेल्या पैशांतला वाटा मिळतो. निम्म्या वेळा त्यातून गाडीचा आणि रिहर्सलच्या खोलीचा खर्च निघतो, उरत काही नाही. एकदा समोर अकरा माणसं होती, त्यातली चार आमच्यानंतर वाजवणाऱ्या बँडची. एका ठिकाणी सगळ्या सिस्टीममध्ये हम होता, 50 हर्ट्झचा तो सलग घुमणारा आवाज. अर्थिंगचा घोळ, आणि शेवटपर्यंत तो गेलाच नाही. गाणं थांबलं की तोच ऐकू यायचा. त्या रात्री मी गाडीत रडले. आणखी एका जागेच्या मालकाने ठरलेले पैसे दिलेच नाहीत. तेव्हापासून सगळं आधी लेखी घेते, बाबांसारखं.

पण काही रात्री वेगळ्याच असतात. रिकाम्या खोलीत साउंडचेकला सगळं भिंतींवर आपटून कर्कश वाटतं. मग माणसं येतात, त्यांच्या अंगावर आणि कपड्यांवर वरच्या पट्टीचे आवाज जिरतात, आणि तीच खोली मऊ होते. खांबाला टेकून मोबाईल बघणारा माणूस तिसऱ्या गाण्याला मोबाईल खिशात टाकतो. मला तेवढंच दिसतं. ड्रमरचा पाय आणि माझं बोट एकाच क्षणी पडतं, आणि ते पायांखालच्या फळीतून वर येतं. असं झालं की चारला निघाल्याचा शीण आठवतही नाही.

कार्यक्रम संपला की केबल गुंडाळायचं काम माझं. एक वेढा सरळ, एक उलटा. सगळे एकाच बाजूने घेतले तर तारेला पीळ बसतो आणि आतली तार हळूहळू तुटते. आई, तू माझ्या दोन्ही हातांवर लोकर चढवायचीस आणि हात हलवू नकोस म्हणून दटावायचीस, ते दर वेळी आठवतं.

आता कानांबद्दल, कारण आईचा खरा जीव तिथेच अडकलाय. मी दर रिहर्सलला आणि दर कार्यक्रमाला इअरप्लग घालते. कापसाचे बोळे नव्हेत. गाळणीचे असतात, त्यांनी सगळ्याच सुरांचा आवाज सारखा कमी होतो. 85 डेसिबलला आठ तासांची मर्यादा धरतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. माझ्या शेजारी झांजा असतात, त्यामुळे यात मी कधीच हयगय करत नाही. बाबा, मशीन शॉपमध्ये तुम्हाला हे कुणी सांगितलं असतं तर!

गेल्या वर्षी तुम्ही दोघं ऐकायला आलात. बाबा, दुसऱ्या गाण्यात तुम्ही कानातलं मशीन काढून खिशात ठेवलंत, ते मला स्टेजवरून दिसलं. मला वाटलं, आवडलं नाही. मी कधी विचारलंच नाही, आणि तुम्हीही बोलला नाहीत. मग दिवाळीनंतर तुमच्या कानांची नवी तपासणी झाली, तेव्हा कागद माझ्या हातात होता. आलेखातली रेष डाव्या बाजूला, म्हणजे खालच्या सुरांना, वर आणि बरीचशी सरळ, उजवीकडे, वरच्या सुरांना, 4000 हर्ट्झजवळ खाली कोसळलेली. गोंगाटाने कान गेले की असंच होतं, आधी वरचे सूर जातात. म्हणून तुम्हाला 'स' आणि 'फ' कळत नाही, आणि आम्ही पुटपुटतो असं वाटतं. पण खालचे सूर? ते शाबूत आहेत, बाबा. माझ्या बेसची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झची, अगदी खालच्या सुराची. चौघांत तुमच्या कानांपर्यंत धड पोचणारं वाद्य माझं आहे.

लहानपणी स्कूटरवर मी मागे बसायचे, तुमच्या पाठीला कान लावून. तुम्ही काहीतरी सांगत असायचात. शब्द एकही कळायचा नाही, पाठीतून नुसता आवाज घुमायचा, आणि मला झोप लागायची. मी बेसच का घेतला असं तुम्ही विचारलं होतं. तेव्हा काहीतरी उत्तर दिलं होतं. खरं कारण हे असावं.

तर आता ऐका. मशीन रोज घालायचं, पाहुणे आले तरच नव्हे. रात्री काढून कोरड्या डबीत ठेवायचं, उशीखाली नाही. पुढच्या तपासणीला तिथल्या ताईंना सांगा की संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवून द्या. बोलणं ऐकण्यासाठी लावलेलं मशीन मोठ्या आवाजात गडबडतं, गाणं फाटल्यासारखं येतं. आई, तू गुडघ्याचा व्यायाम करतेस की नुसतं सांगतेस? आणि दुपारी एकटी त्या स्टुलावर चढू नकोस. चिडून नाही सांगत गं. मला भीती वाटते.

पुढच्या महिन्यात चौथ्या शनिवारी आमचा कार्यक्रम आहे, संध्याकाळी लवकर. जमलं तर या. नाही जमलं तर मी रुसणार नाही, खरंच. गाडी पाठवते. साउंडच्या टेबलाशेजारी दोन पाठीच्या खुर्च्या ठेवायला सांगितल्यात. स्पीकरच्या तोंडासमोर नाही आणि कोपऱ्यातही नाही, कोपऱ्यात बेस साचतो. आईसाठी माझे जादाचे इअरप्लग आणते. बाबा, मशीन त्रास देऊ लागलं तर खुशाल काढा, पण या वेळी उठून बाहेर जाऊ नका. एक हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवून बसा, आणि खूपच झालं तर दुसरा हात वर करा. मी बघत असेन.

तुमची,
धाकटी