आजी आत्ता कुठे आहे

प्रिय बेटा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आजी आत्ता, या घडीला, कुठे आहे असं तू परवा फोनवर विचारलंस. मी "प्रभूजवळ" म्हटलं आणि तू गप्प झालीस. तेवढ्याने तुझं समाधान झालं नाही हे मला कळलं. तुझ्या खोलीतली वसईची कॅथलिक मैत्रीण तिच्या आजीसाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, अर्पण करायला देते. कॉलेजातला तो ॲडव्हेंटिस्ट पंथाचा ख्रिस्ती मुलगा सांगतो की मेलेल्या माणसाला पुनरुत्थानापर्यंत कशाचीच शुद्ध नसते. आणि इथे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेजारच्या काकू मला विचारत होत्या, तुमच्यात आईंच्या नावाची घागर भरत नाहीत का? तिघंही मनापासून बोलतात, म्हणून त्यांना उडवून लावावंसं वाटत नाही. आज रात्रपाळी नाही, तर बसून सगळं लिहिते.

लूकचा तेविसावा अध्याय पुन्हा एकदा काढ. प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला तो गुन्हेगार. त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, पदरी एकही सत्कृत्य नाही, आणि आता काही करायचं म्हटलं तरी हात मोकळे नाहीत. तो एवढंच मागतो की माझी आठवण कर. त्याला उत्तर मिळतं, "मी तुला खचीत सांगतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." पौल बंदिवासातून फिलिप्पैच्या मंडळीला लिहितो की इथून सुटून ख्रिस्ताजवळ असावं अशी मला उत्कंठा आहे. स्तेफनावर धोंडे पडत होते तेव्हा तो म्हणाला, प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर. या तिघांचं मरण आणि प्रभूची भेट यांच्यामध्ये मला कुठेच रिकामी जागा दिसत नाही. "प्रभूजवळ" हे उत्तर मी फोन आवरता घ्यायला दिलेलं नव्हतं.

पण आपली माणसं बहुतेक वेळा इथेच थांबतात आणि ते मला खटकतं. दफनाच्या दिवशी किती जण म्हणाले, "आत्मा गेला, आता नुसती कुडी उरली." मागच्या गल्लीतल्या गुरुजींनी गीतेतला जुन्या वस्त्रांचा श्लोक म्हणून माझं सांत्वन केलं. त्यांच्या श्रद्धेतलं सगळ्यात मोलाचं त्यांनी मला दिलं, मी हात जोडले. आपल्या शास्त्राची वाट मात्र निराळी आहे. देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग हा विचार ग्रीकांचा, प्लेटोच्या वळणाचा. तो मंडळीत वेळोवेळी शिरला, पण मोशेकडे, यशयाकडे, पौलाकडे तो नाही. देवाने माणूस मातीचा घडवला आणि आपली सगळी निर्मिती पाहून तिला फार चांगली म्हटलं. दर रविवारी प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणताना आत्म्याच्या अमरपणाचा उल्लेखसुद्धा आपण करत नाही. आपण म्हणतो, देहाचे पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन.

आजीला शेवटची आंघोळ मी आणि तुझ्या आत्याने घातली. नोकरीत मी पुष्कळ देह आवरले आहेत, हात सरावलेले आहेत, तरी त्या दिवशी मी सावकाश केलं. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तू कधी नीट पाहिलं होतंस का? उभं आयुष्य मिरचीच्या पथारीवर देठ खुडण्यात गेलं तिचं. पुढची पेरं बाहेरच्या बाजूला वाकलेली, नखांच्या कडेची कातडी जाड आणि चिरा पडलेली. अंथरुणाला खिळल्यावर तिचा मिरचीला हात लागला नव्हता, तरी त्या चिरा बुजल्या नव्हत्या. कोमट पाण्यात फडकं भिजवून मी एकेक बोट पुसलं. याच बोटांच्या मजुरीवर तुझ्या बाबांचं शिक्षण झालं. या हातांना देव कुडी म्हणून कायमचं मातीत सोडून देणार असेल, तर मला तो देव कळलेलाच नाही.

उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, आणि थोमाला त्याने ते दाखवले. शिष्यांसमोर बसून त्याने भाजलेला मासा खाल्ला. तो भूत नव्हता. पण जुनाच देह उठून पुन्हा चालायला लागला, असंही ते नव्हतं, कारण दारं लावलेली असताना तो आत येऊन उभा राहिला. हे कसं, असं करिंथच्या लोकांनी विचारलं तर पौल बी पेरण्याचं उदाहरण देतो. आजीच्या हातातलं उदाहरण घे. वाळक्या मिरचीतलं ते चपटं पिवळं बी. झाड ज्याने कधी पाहिलंच नाही त्याला त्या बियात पांढरी फुलं आणि लाल फळं दिसणार नाहीत, पण झाड त्याच बियाचं असतं. आजी उठेल ती आजीच असेल, आणि आपण पाहिली नाही अशी असेल.

आता जे तू बोलली नाहीस ते. शेवटी शेवटी तिने तुला ओळखलं नाही. दिवाळीत तू जवळ बसलीस तर "तू कोनी पोर शे?" म्हणाली, आणि तू मोरीत जाऊन रडलीस हे मी पाहिलं होतं. मेंदूच्या पेशी मरत जातात तशी माणसाची आठवण, भाषा, स्वभाव सगळं सांडत जातं, हे मी वॉर्डात रोज पाहते. म्हणजे आत्मा म्हणजे जर आठवणी आणि स्वभाव, तर आजीचा आत्मा तिच्या मरणाआधीच विरत चालला होता. मग प्रभूकडे गेलं ते काय? तुझा खरा प्रश्न हा आहे असं मला वाटतं, आणि तो वसईच्या मैत्रिणीच्या किंवा त्या मुलाच्या मतापेक्षा कितीतरी अवघड आहे.

मी यावर खूप रात्री विचार केला आहे. आत्मा स्वतःच्या बळावर टिकतो असं शास्त्र म्हणत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे की अमरत्व एकट्या देवाला आहे. आपल्यात असं काही अविनाशी दडलेलं नाही, जे आपोआप मरणाच्या पलीकडे निघून जाईल. आपण टिकतो ते कोणीतरी आपल्याला धरून ठेवतो म्हणून. यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात देव विचारतो, आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल काय? आणि पुढे म्हणतो, ती विसरली तरी मी तुला विसरणार नाही, मी तुला आपल्या तळहातांवर कोरून ठेवलं आहे. आजी आपल्याला विसरली, स्वतःला विसरली, कदाचित देवालाही विसरली. तिच्या डोक्यातून जे जे गेलं, तुझं नाव धरून, ते सगळं त्याच्याकडे शाबूत आहे. तिची जपणूक तिच्या मेंदूवर कधीच अवलंबून नव्हती. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" मी सुरू केलं की ती शेवटपर्यंत पुरं म्हणायची हे खरं, पण फार जुनं पाठांतर उशिरा पुसलं जातं हेही मला ठाऊक आहे, म्हणून माझा विश्वास मी त्यावर टेकवत नाही. पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालीया मरीयेने प्रभूला ओळखलं नाही, माळी समजली. त्याने नावाने हाक मारली तेव्हा ओळखलं. आधी तो ओळखतो, मग आपल्याला ओळख पटते. आजीलाही तो नावानेच हाक मारील.

मधल्या काळाबद्दल, म्हणजे मरण आणि पुनरुत्थान यांच्यामध्ये काय, याबद्दल मोठमोठ्या माणसांत वाद झाले आहेत. बाविसावे योहान हे पोप होते. त्यांनी १३३१ साली असा उपदेश केला की संतांनाही शेवटच्या न्यायापर्यंत देवाचं मुख दिसत नाही. केवढा गदारोळ झाला! १३३४ मध्ये मरताना त्यांनी ते मत मागे घेतलं आणि १३३६ मध्ये पुढच्या पोपनी, बाराव्या बेनेडिक्टनी, उलट ठरवून दिलं. ॲडव्हेंटिस्ट लोक म्हणतात ते उपदेशकाच्या नवव्या अध्यायावरून, मृतांना काही कळत नाही. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरही मरणाला पुष्कळदा झोप म्हणत. दुसरा सुधारक कॅल्विन, त्याने १५३४ मध्ये, ऐन पंचविशीत, याच मताविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. मी कॅल्विनच्या बाजूची, कारण प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वेदीखालचे आत्मे देवाला विचारतात, अजून कुठवर? म्हणजे ते जागे आहेत, त्यांना शुभ्र झगे मिळाले आहेत, आणि तरीही ते वाट पाहताहेत. सगळं संपलेलं नाही हे त्यांनाही माहीत आहे. पण तो मुलगा बरोबर निघाला तरी तू घाबरू नकोस. गाढ झोपलेल्याला रात्र किती लांब होती हे कळत नाही. आजीने डोळे मिटले आणि उघडले तर समोर प्रभू, एवढंच तिला जाणवेल.

तुझ्या मैत्रिणीशी वाद घालू नकोस. तिची मिस्सा शुद्धीस्थानातल्या आत्म्यांसाठी असते. शुद्धीस्थान म्हणजे मेल्यावर मिळणारी दुसरी संधी असं आपल्याकडे काही जण सांगतात, तसं ते नाही. देवाच्या कृपेत मेलेली, पण अजून पुरती शुद्ध न झालेली माणसं तिथे शुद्ध होतात आणि त्यातली सगळी स्वर्गातच जातात, अशी कॅथलिकांची शिकवण आहे. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या आणि १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने ती ठरवून मांडली. आपण ती मानत नाही. "पूर्ण झाले आहे" असं प्रभू वधस्तंभावर म्हणाला, त्यात भर घालायला काही उरलं आहे असं मला वाटत नाही. पण मेलेल्या माणसावरचं प्रेम संपत नाही हे ती मुलगी आपल्या पुष्कळांपेक्षा चांगलं जाणते. २ नोव्हेंबरला ती कबरस्थानात मेणबत्त्या लावायला निघाली तर तिच्यासोबत जा. तिला तिची प्रार्थना करू दे, तू आजीबद्दल देवाचे आभार मान.

काकूंना मी घागरीचं सांगितलं ते असं. त्यांच्या ओसरीवर पाण्याने भरलेली मातीची घागर, तोंडावर खरबूज, शेजारी आंबा आणि सांजोऱ्या मांडलेल्या होत्या. उन्हाळ्याचे दिवस, पितरांना तहान लागते, त्यांना पाणी पोचावं ही त्यामागची माया. मी म्हटलं, काकू, आमच्या शास्त्रात लिहिलं आहे की त्यांना आता कधी भूक लागणार नाही, तहान लागणार नाही, कोकरा, म्हणजे आमचा प्रभू, त्यांना जीवनाच्या पाण्याच्या झऱ्यांजवळ नेईल. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे आईंना तहान नाही. बरं झालं." मला त्यांचं ते "बरं झालं" फार आवडलं. आजीचा जीव घरात घुटमळतो असं मात्र कोणी म्हणालं तर मानू नकोस आणि त्याची भीतीही बाळगू नकोस.

शहाद्याच्या मामाआजोबांबद्दल तू लहानपणी विचारायचीस. आपल्या आजोबांच्या घरात स्वीडनच्या मिशनऱ्यांच्या काळापासून विश्वास आहे. आजी मात्र लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, स्वतः ठरवून बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उतरली. तिचा भाऊ उतरला नाही. असा प्रेमळ माणूस मी थोडा पाहिला आहे. माणसाला एकदाच मरणं आणि त्यानंतर न्याय नेमलेला आहे, हे इब्री लोकांस पत्रातलं वचन तुझ्यासाठी मी मवाळ करू शकत नाही. पुनर्जन्म नाही, फेऱ्या नाहीत, हे एकच आयुष्य देवासमोर ठेवलं जातं. पण न्यायासनावर जो बसणार आहे तो त्या गुन्हेगाराच्या शेजारी टांगलेला होता. सदोमासाठी रदबदली करताना अब्राहाम देवालाच विचारतो, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? मामाआजोबांना मी त्या प्रश्नात ठेवलं आहे आणि त्यांचा निकाल सांगणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

पावसाळा गेला की कबरीवरची माती बसेल, मग दगड लावायचा आहे. बाबांना त्यावर योहान ११:२५ मधलं "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हवं आहे. मला १ करिंथ १५:४३ मधलं "अशक्तपणात पेरले जाते, सामर्थ्यात उठवले जाते" हवं आहे. नाव आणि तारखांखाली एकच मावेल. कारागीर दिवाळीआधी मजकूर मागतो. दोन्ही अध्याय पुरे वाच, आत्यालाही फोन कर आणि काय ठरतं ते कळव.

तुझी,
आई